पाठमोऱ्या पोरीचा सोमवार

जगात एक प्रसिद्ध चित्र आहे. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पाच माणसं टेबलाभोवती बसून उकडलेले बटाटे खात आहेत. एक बाई कपांत कॉफी ओतते आहे. बोटं गाठाळ, तोंडं हाडकुळी, सगळा रंग ओल्या मातीचा. आणि अगदी पुढे, बघणाऱ्याकडे पाठ करून एक मुलगी बसली आहे. हे चित्र मी खरंखुरं कधी पाहिलेलं नाही. कुणी विमानाचं तिकीट हातात ठेवलं तरी आता जाणार नाही. पण मी आईबापांसकट त्या चित्रात राहून आलो आहे आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. घर जवळच्याच गडमुडशिंगी गावात. वडिलांचं किराणा दुकान, थोडा ऊस, दोन म्हशी. खाऊन-पिऊन सुखी म्हणतात तसं घर. मला मात्र ते कमी वाटायचं, कारण चित्रकाराला थोडं तरी दुःख हवं अशी आमच्या वर्गात समजूत होती. मी दाढी वाढवली होती आणि दुकानात बसायची वेळ आली की कपाळाला आठ्या पाडत होतो.

जगातली मोठी चित्रं आम्हाला माहीत होती ती लायब्ररीतल्या पुस्तकांतून, तीही बरीचशी काळी-पांढरी आणि काड्यापेटीच्या आकाराची. अशात राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये एक सीडी आली. तिच्यात आख्खं संग्रहालय होतं. बाण दाबला की आपण दालनात शिरायचो, फरशी आपल्या पायाखालून सरकायची, वळलो की भिंती चौकोनाचौकोनांत फुटायच्या आणि पुन्हा जुळायच्या. चित्रासमोर उभं राहून बटन दाबलं की ते जवळ यायचं. ना पहारेकरी, ना गर्दी. मी त्या दालनांतून इतका हिंडलो की कुठल्या वळणावर काय आहे हे मला गल्लीतल्या घरांसारखं पाठ झालं. वर्गात मी ‘परवा पुन्हा ते चित्र पाहिलं’ असं म्हणायचो. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच परदेशातून उतरला.

एकदा आई आणि धाकटी बहीण अंबाबाईला आल्या होत्या, तेव्हा त्यांना मी क्लासवर घेऊन गेलो. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायची पद्धत होती. आईने चपला काढल्या, आत गारवा लागला, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तिने सवयीने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. शिकायला बसलेली पोरं फिदीफिदी हसली. मी आईला दंडाला धरून जवळजवळ ओढतच खुर्चीवर बसवलं.

बटाट्यांच्या चित्रासमोर मी थांबलो आणि कॉलेजात ऐकलेलं सगळं ओतायला तोंड उघडलं. आई त्याआधीच म्हणाली, “सोमवार हाय वाटतं त्यांचा.”

“कशावरून?”

“उकडल्यालं बटाटं हाईत, काफी हाय. भाकरी न्हाय, कालवण न्हाय. उपासच की ह्यो.”

पोरांनी आता तोंडावर हात धरले. मी दात आवळून म्हणालो, “आई, गरीब माणसं आहेत ती. उपाशी.”

“गरीब मानूस भाकरी खातंय,” आई म्हणाली. “बटाटं काय दर आलंय, ठावं हाय का तुला? दुकानात बसतोस कवा?”

आमच्या घरी शंकराचा सोमवार आई कडक धरायची. दिवसभर एखादा उकडलेला बटाटा, एखादा कप कॉफी आणि संध्याकाळी पूजा करून जेवण. तिला ते चित्र कळलं ते असं. मला त्या वेळी एवढंच कळलं की सगळा क्लास आमच्याकडे बघतो आहे.

बहीण मात्र त्या पाठमोऱ्या मुलीकडे टक लावून होती. “दादा, हिचं तोंड कसं असंल रं? तिकडनं फिरून जा की. दिसंल.”

मी बाण दाबला. फरशी सरकली आणि टक्कन आवाज करून आम्ही भिंतीवर आपटलो. पुन्हा दाबला, पुन्हा टक्. “चित्राच्या मागे जाता येत नाही,” मी म्हणालो. “मग आत आल्याचा काय उपेग?” असं म्हणून ती हिरमुसली.

पुढे दोनेक महिन्यांनी पुण्याचे एक दिग्दर्शक कॉलेजात आले. जगप्रसिद्ध चित्रांवर ते माहितीपट काढत होते. चित्र नुसतं दाखवायचं नाही, माणसं बसवून ते हुबेहूब उभं करायचं आणि कॅमेरा त्याच्या आत न्यायचा, अशी कल्पना. खेड्याची माहिती असलेला आणि चित्रकलेतलं कळणारा मुलगा त्यांना मदतीला हवा होता. सरांनी मला पुढे केलं. साहेबांच्या यादीत बटाट्यांचं चित्र होतंच. मी धिटाईने म्हणालो, “साहेब, त्या पाठमोऱ्या मुलीचा चेहरा दाखवला तर? चित्रात जे कुणाला दिसलं नाही, ते सिनेमात दिसेल.”

साहेबांनी चष्मा काढला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. “वा! याच्यावरच आख्खा भाग उभा राहील,” ते म्हणाले. “काम संपलं की तू पुण्याला चल माझ्याबरोबर.” ही कल्पना बहिणीची आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. खांद्यावरचा हात खाली जाईल असं वाटलं असावं.

जीप घेऊन आम्ही आसपासची गावं पालथी घातली. हातकणंगल्यापर्यंत जाऊन आलो. कुठे खोली बरी तर माणसं गुबगुबीत, कुठे माणसं बरी तर भिंतींना ऑइलपेंट. शेवटी चहाला म्हणून आमच्या घरी आलो. आईने कपबशा पुढे केल्या आणि साहेब तिच्या हातांकडेच बघत राहिले. “हेच हात,” ते मला हळूच म्हणाले. मग वडिलांची गालफडं पाहिली, काका-काकूंना हाक मारून त्यांचीही तोंडं पाहिली. परसातली जळण ठेवायची काळीकुट्ट खोली पाहिल्यावर तर त्यांनी टाळीच वाजवली. मी फुशारलो. आपल्या माणसांत साहेबांना नेमकं काय दिसलं, हे मला अजिबात जाणवलं नाही असं नाही. जाणवलं, पण पुणं त्याहून मोठं दिसत होतं.

घरच्यांना मी सांगितलं, जगप्रसिद्ध चित्रात बसायचं आहे. वडील हुरळले. आईने मात्र एकच अट घातली. बहिणीचं गडहिंग्लजच्या एका व्यापारी घरात जमत आलं होतं. बघून गेले होते, निरोप यायचा होता. तालेवार माणसं, घरात शिवपूजा कडक, बायका कपाळभर विभूती लावणाऱ्या.

“पोरीचं तोंड दिसता कामा न्हाय,” आई म्हणाली. “न्हायतर काकूच्या पोरीला बशीव.”

काकूची पोर आठ वर्षांची. चित्रातल्या मुलीसारखी तिची पाठ भरली नसती. “आई, चित्रात ती पाठमोरीच आहे,” मी म्हणालो.

हे खरं होतं. चेहऱ्यासाठी साहेब पुण्याहून कुणी नटी आणतील असं मी धरून चाललो होतो. विचारलं नव्हतं. विचारलं की उत्तर येतं.

शूटिंग गुरुवारी ठरलं. आदल्या दिवशी आईने घर सारवून, पुसून, शोकेसमधल्या बाहुल्यासुद्धा धुतल्या होत्या. सकाळपासून ती आणि काकू पुरण वाटत होत्या. मुंबई-पुण्याची माणसं दारात येणार, त्यांना काय चहावर बोळवायचं? पुरणपोळ्यांची चवड, कटाची आमटी, दुधाचं पातेलं. आणि आईच्या अंगावर इरकल, नाकात नथ.

साहेब बघून हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे सगळं उतरवायला सांग. जुनेरं घालू देत. दागिने नकोत.”

ते मी आईला सांगितलं. ती आत गेली आणि म्हशीची धार काढताना नेसायचं लुगडं नेसून आली. मंगळसूत्र मात्र तिने काढलं नाही, पदराखाली लपवलं. एका माणसाने तिच्या गालाला काजळी फासली. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तारांची गुंडाळी सोडवत असल्याचं सोंग करत होतो.

खिडकीवर पोती ठोकून अंधार केला. कंदील टांगला. दुकानातले बटाटे फार गोंडस निघाले म्हणून निवडून बारके, डोळे आलेले उकडले. त्यांतून वाफ दिसायला हवी म्हणून ते सारखे चुलीवरून ताजे आणायचे. वडील, काका, काकू, आई आणि पुढे पाठमोरी बहीण. साहेबांनी बजावलं, “कॅमेरा चालू असताना कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. तुम्ही चित्र आहात. फक्त मुलीने बटाटा खायचा.” मला त्यांनी एक पांढरा थर्माकोलचा तक्ता दिला आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात बसवलं. “मी म्हणेन तेव्हा उजेड यावर घेऊन पुढे टाक,” म्हणाले.

कॅमेरा रुळांवर होता. रूळ गोल टाकलेले होते. ते मी सकाळपासून बघत होतो. गोल रुळांवरची गाडी कुठे जाते, हे कळायला काही कॉलेज लागत नाही.

गाडी सरकली. काकांवरून, वडिलांवरून, आईच्या हातांवरून सावकाश वळत ती टेबलाच्या पलीकडे आली आणि बहिणीसमोर थांबली. “उजेड,” साहेब पुटपुटले. मी तक्ता उचलला. तो पांढरा उजेड माझ्या हातांतून जाऊन धाकटीच्या तोंडावर पडला.

तिने नुकताच बटाटा तोंडात टाकला होता आणि तो चटका बसण्याइतका गरम होता. थुंकावं तर समोर कॅमेरा, गिळावं तर जीभ भाजते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि गालावरून घळाघळा वाहायला लागलं. ती चावत राहिली, कारण दादाने सांगितलं होतं की काही झालं तरी थांबायचं नाही. पलीकडे आई कॉफीची किटली धरून बसली होती. तिला सगळं दिसत होतं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. चित्र बोलत नाही, असं तिला बजावलेलं होतं.

“कट!” साहेब ओरडले. “क्या बात है! अशा रडण्याला नट्या आठवडाभर घोकतात.”

दुपारी सगळ्या युनिटने ओसरीवर बसून आडवा हात मारला. साहेबांनी दोनदा आमटी मागून घेतली. आई वाढत होती, आग्रह करत होती, गालावरची काजळी तशीच. माझ्या पानात पोळी टाकताना एवढंच म्हणाली, “पाठमोरी हाय म्हनलावतास.”

“कापतील ते, आई,” मी म्हणालो.

कापलं नाही. उन्हाळ्यात माहितीपट पुरा झाला आणि कोल्हापुरातल्या एका सभागृहात त्याचा खेळ ठेवला. मला पहिल्या दोन रांगांचे पास मिळाले. तोवर गडहिंग्लजकरांचा होकार आला होता, फक्त सुपारी फुटायची होती. वडिलांना वाटलं, पाहुण्यांना बोलवावं, आपला मुलगा सिनेमात काम करतो हे दिसेल. मी नको म्हणायला हवं होतं. पण श्रेयनामावलीत माझं नाव येणार होतं.

मुलाचे आईवडील आणि मुलगा एसटीने आले. मुलाची आई उंच, ताठ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. ती माझ्या आईशेजारी बसली.

आधी ते खरं चित्र पडद्यावर आलं, भिंतीएवढं. मग त्यातले रंग हळूहळू विरघळले आणि त्या जागी आमची माणसं आली. सभागृहात ‘अरेच्चा’ म्हणून कुजबुज झाली, इतकं ते जुळलं होतं. क्षणभर मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग कॅमेरा फिरायला लागला आणि एक भारदस्त आवाज सांगू लागला: ही ती माणसं, ज्यांच्या ताटात बटाट्यांखेरीज काही नाही. ज्यांच्या घरात भूक पिढ्यान्‌पिढ्या राहते आहे. आणि ही ती मुलगी, जिचा चेहरा जगाने कधी पाहिला नाही.

आणि पडद्यावर माझी बहीण आली, एका भिंतीइतकी मोठी. गाल ओले, तोंड भरलेलं, अधाशासारखी चावणारी. मागे कुणीतरी “अरेरे” म्हणालं.

मी अंधारातच वळून पाहिलं. गडहिंग्लजची बाई खुर्चीत पुढे सरकली होती. तिने एकदा पडद्याकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं. बहिणीने मान छातीत घातली होती.

आणि माझी आई उभी राहिली. “सोमवार हुता आमचा!” ती ओरडली. “ऐकलासा का? उपाशी न्हाई कोन! सोमवार हुता!”

सगळं सभागृह खदाखदा हसलं. कुणी शिट्टी मारली. भारदस्त आवाज पुढे चालूच होता. खुर्चीखाली शिरता आलं असतं तर शिरलो असतो. साहेब पलीकडच्या रांगेतून माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसलो. ही बाई माझी कुणी नाही, असं ते हसू होतं.

खेळ सुटल्यावर दाराशी गडहिंग्लजच्या बाईने बहिणीची हनुवटी धरून तोंड वर केलं. “किती वर्सं सोमवार धरतीस गं?”

बहिणीने आईकडे पाहिलं. भूक या पोरीला मुळीच सोसायची नाही. सकाळी दहाला भाकरी मिळाली नाही तर ती चिडून रडायची. तिने जन्मात एक उपास केला नव्हता.

“ल्हान हुती तवापास्नं,” आई म्हणाली. उभ्या आयुष्यात देवाच्या नावाने खोटं न बोललेली माझी आई.

“यव्वा!” त्या बाईचा सगळा चेहरा उजळला. “उपासानं भुकेजली हुतीस, म्हनून गरम बटाटा चटके सोसून खाल्लीस म्हनायची! आमच्यात समद्या बाया धरत्यात सोमवार. मग ही आमचीच की, अक्का.”

सुपारी फुटली. पुढच्या सोमवारी सकाळी बहीण चुलीपुढे बसून भाकरीचा तुकडा मोडत होती. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला.

“का?”

“आजपास्नं न्हाय. म्या बोललीया.”

“कवापातूर?”

आईने परातीतला बटाटा सोलून तिच्यापुढे ठेवला. मी दारात उभा होतो. मला बघून दोघींनीही माना फिरवल्या.

साहेबांनी मला पुण्याला बोलावलं नाही. मी दोन पत्रं टाकली, मग थांबलो. एका हायस्कुलात चित्रकलेचा मास्तर झालो आणि कोल्हापुरात राहायला आलो. बहिणीचं चांगलं चाललं. माणसं प्रेमळ निघाली. अडचण एकच झाली, तिची सासू प्रत्येक लग्नाकार्यात कौतुकाने ती गोष्ट सांगायची: आमच्या सुनेचा सोमवार सिनेमात हाय. सोमवारी दुपारपासून बहिणीचं डोकं चढायचं, पित्त उसळायचं. एकदा डॉक्टरांनीच उपास सोडा म्हणून सांगितलं. सासूही म्हणाली, सोड बाई, देव काय रागवंना. हिने सोडला नाही.

आई गेली त्या वर्षी मीच विषय काढला. म्हटलं, आता तरी सोड.

“आई खोटी पडंल रं,” ती म्हणाली.

नंतर घरोघरी इंटरनेट आलं. त्या सीडीतलं संग्रहालय आता कुणालाही घरबसल्या बघता येतं, तेही इतकं जवळून की रंगाची भेग दिसते. एका सोमवारी बहीण दवाखान्याच्या कामाने कोल्हापूरला आली होती. तिच्यापुढे ताटलीत उकडलेले बटाटे ठेवून माझी बायको दुकानाला गेली. मी कॉम्प्युटर लावला आणि कसा कोण जाणे, त्याच चित्राशी जाऊन थांबलो.

ती खुर्ची ओढून जवळ आली. कॉफी ओतणारी बाई पाहिली, तिचे हात पाहिले. मग म्हणाली, “आईगत हाय न्हवं?”

मी मान हलवली. तिला दाखवावं म्हणून त्या पाठमोऱ्या मुलीवर बाण नेला आणि चित्र मोठं करायला लागलो. पाठ मोठी झाली, टोपी मोठी झाली, मानेजवळचा अंधार मोठा झाला.

बहिणीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे, दादा,” ती म्हणाली. “तिला तरी बसू दे पाठ करून.”

मी माऊसवरचा हात काढून घेतला. बटाटे निवले होते. ती सोलून खायला लागली.